जोड बघा, नुसता रेकॉर्ड नको

मिश्र मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळंच चालणाऱ्या खेळात, रोंडा राउझीने मीशा टेटला दोनदा हरवलं, मार्च 2012 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2013 मध्ये. दोन्ही वेळा आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणायची पकड. नोव्हेंबर 2015 मध्ये मेलबर्नला हॉली होल्मने राउझीला दुसऱ्या फेरीत डोक्यावर लाथ मारून आडवं केलं. साध्या हिशेबाने होल्म टेटच्या कितीतरी पुढे असायला हवी होती. पण चारच महिन्यांत, मार्च 2016 मध्ये, टेटने पाचव्या फेरीत मागून गळा आवळून होल्मचा विजेतेपदाचा पट्टा काढून घेतला. राउझी टेटला भारी, होल्म राउझीला भारी आणि टेट होल्मला भारी.

मिश्र मार्शल आर्ट्सच्या चाहत्यांचे निम्मे वाद हे वर्तुळ न कळल्यामुळे होतात. अमक्याने तमक्याला हरवलं, तमक्याने ढमक्याला लोळवलं, म्हणजे अमका ढमक्याला सहज खाईल, असं आपण बिनदिक्कत मांडतो आणि निकाल उलटा लागला की 'नशीब' म्हणून मोकळे होतो. यात नशिबाचा भाग फार थोडा होता. राउझीचा सगळा खेळ अंगाला अंग भिडण्यावर उभा होता: सरळ पुढे जायचं, समोरच्याची मान किंवा काख पकडायची, कमरेवर घेऊन आपटायचं आणि हात ओढायचा. टेट स्वतः कुस्तीची, म्हणजे तीसुद्धा भिडायलाच येणार. राउझीला हवं ते तिच्याकडून आयतं मिळत होतं. होल्म डावखुरी, बॉक्सिंग आणि किकबॉक्सिंगमधून आलेली, पाय सतत हलते ठेवणारी. राउझी सरळ रेषेत धावायची, होल्म बाजूला सरकून डावा सरळ ठोसा मारायची. पकड बसायच्या आतच राउझीच्या तोंडावर मार बसत होता. याच होल्मला टेटने दुसऱ्या फेरीत खाली घेऊन गळ्यापर्यंत हात नेला होता. पुढे दोन फेऱ्या टेट ठोशांत मागे पडली, पण काय चालतं हे तिला कळलं होतं. पाचव्या फेरीत एकदा पाठ मिळाली आणि तिने ती सोडली नाही.

पुरुषांच्या 83.9 किलोच्या गटातही हेच झालं. जुलै 2022 मध्ये अलेक्स परेराने शॉन स्ट्रिकलंडला पहिल्याच फेरीत डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, पाडलं. एप्रिल 2023 मध्ये इस्रायल अडेसान्याने परेराला दुसऱ्या फेरीत झोपवलं. मग सप्टेंबर 2023 मध्ये सिडनीत स्ट्रिकलंडने पाच फेऱ्यांच्या लढतीत अडेसान्यावर हुकूमत गाजवून पट्टा जिंकला. तिन्ही जजांनी 49-46 दिले, म्हणजे पाचपैकी चार फेऱ्या त्याच्या. स्ट्रिकलंड ताठ उभा राहतो, लहान पावलांनी पुढे सरकतो, पुढचा खांदा आणि हात वापरून ठोसे झटकतो आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चालू ठेवतो. अडेसान्या हुलकावण्या देऊन समोरच्याला चूक करायला लावतो आणि त्या चुकीवर मारतो. जो माणूस हुलकावणीला दाद देत नाही, मोठा फटका घालायला झेपावत नाही, नुसता इंचाइंचाने चालून येतो, त्याच्यासमोर ही युक्ती कोरडी पडली. पण तोच ताठ पवित्रा परेराच्या डाव्या हुकसमोर आयतं लक्ष्य ठरला होता. सवय एकच. एका जोडीत तिने पट्टा मिळवून दिला, दुसऱ्या जोडीत तिनेच घात केला.

म्हणून कोण श्रेष्ठ, हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. कोणासमोर कोण, किती किलोला, किती दिवसांच्या तयारीने, किती फेऱ्यांसाठी, हे विचारल्याशिवाय मत बनवूच नये. हा नुसता बारकाव्याचा हट्ट नाही. या खेळात कोणती लढत लागणार आणि कोणती नाही, हे बऱ्याच अंशी चाहत्यांच्या आवाजावर ठरतं. तो आवाज अडाणी असेल तर जोडीही अडाणीच लागते. त्याकडे पुढे येतो. आधी बघायचं काय, ते.

पहिली गोष्ट पाय. दोघेही उजवे असतील, म्हणजे दोघांचाही डावा पाय पुढे, तर मागच्या पायाची खालची लाथ समोरच्याच्या पुढच्या पायाला बाहेरून लागते. एक उजवा आणि एक डावखुरा असेल तर हेच गणित उलटतं. मागच्या पायाची लाथ आता पिंढरीच्या आतल्या बाजूला लागते, आणि उजव्या फायटरचं यकृत डावखुऱ्याच्या डाव्या लाथेसमोर उघडं पडतं. अशा जोडीत दोघांचे पुढचे पाय एकमेकांना खेटतात आणि ज्याचं पाऊल बाहेरच्या बाजूला पडतं, त्याचा मागचा हात सरळ हनुवटीच्या रेषेत येतो. त्यामुळे 'याची काफ किक (पिंढरीवरची लाथ) जबरदस्त आहे' असं म्हणताना कोणत्या पायाची आणि कोणत्या पवित्र्याविरुद्ध, हे सांगायलाच हवं.

काफ किकचं उत्तम उदाहरण म्हणजे डस्टिन पॉरिए आणि कॉनर मॅकग्रेगर. सप्टेंबर 2014 मध्ये मॅकग्रेगरने पॉरिएला पहिल्या फेरीत पाडलं होतं. जानेवारी 2021 मध्ये हीच जोडी पुन्हा लागली आणि दुसऱ्या फेरीत पॉरिए जिंकला. दोघेही डावखुरे, म्हणजे पॉरिएची मागची लाथ मॅकग्रेगरच्या पुढच्या पिंढरीला बाहेरून लागणार. मॅकग्रेगर त्या लढतीत बॉक्सरसारखा पाय फाकवून, पुढच्या पायावर भार देऊन उभा होता. गुडघ्याच्या किंचित खाली, बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला अगदी चिकटून जाते. तिथे चार-पाच नेमक्या लाथा बसल्या की पाऊल उचलणं जड जातं, आणि पाऊल उचलत नसेल तर ठोशात जोर येणार कुठून? लाथ अडवायची तर गुडघा बाहेर वळवून पाय उचलावा लागतो किंवा पाय झटकन मागे घ्यावा लागतो. पुढच्या पायावर भार असलेल्या माणसाला दोन्ही वेळेवर जमत नाही. पॉरिए सहा वर्षांत मॅकग्रेगरपेक्षा सगळ्याच बाबतीत सरस झाला होता असं नाही. त्याने वजनाचा गट बदलला होता, मार खायची तयारी वाढवली होती, आणि समोरच्याच्या उभं राहण्यातली एक फट शोधून ठेवली होती. तेवढं पुरलं.

दुसरी गोष्ट जाळी. बघणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबतो. खुल्या मॅटवरची कुस्ती आणि केजच्या, म्हणजे लढतीच्या पिंजऱ्याच्या, जाळीला टेकून होणारी कुस्ती यांत फार फरक आहे. मोकळ्यात समोरचा दुहेरी पट काढायला, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडायला, आला तर पाय मागे फेकून, छातीचा भार त्याच्या पाठीवर टाकून सुटता येतं. पाठीमागे जाळी असेल तर पाय फेकायला जागाच नसते. पण तीच जाळी बचाव करणाऱ्याला आधारही देते, कारण पाठ टेकलेली असल्याने पडणं अवघड होतं. मग खरी झटापट सुरू होते ती काखेसाठी. बचाव करणाऱ्याला समोरच्याच्या काखेखालून हात घालायचा असतो, पाय फाकवून कंबर खाली ठेवायची असते आणि डोकं त्याच्या हनुवटीखाली लावून त्याला वर ढकलायचं असतं. या तिन्हींतलं एक जरी सुटलं तरी चढाई करणारा कमरेला मिठी मारतो आणि पायात पाय घालून खाली घेतो.

खाली घेतल्यावर काय, हा त्याहून मोठा प्रश्न. आजचा प्रत्येक बरा फायटर जाळीला पाठ लावून उठायला शिकलेला असतो: एका बाजूवर वळायचं, एक हात जमिनीवर रोवायचा, कंबर मागे सरकवायची, पाठ जाळीवर घासत वर यायचं. खबीब नुरमागोमेदोव वेगळा ठरला तो इथे. तो समोरच्याचे दोन्ही पाय आपल्या पायांत अडकवून त्यावर बसायचा. पाय अडकले की कंबर सरकत नाही. मग जमिनीवर रोवलेल्या हाताचं मनगट पाठीमागून पकडून ठेवायचा. आता समोरच्याकडे एकच मोकळा हात उरला, आणि तो तोंड वाचवायला वापरला की उठायला काहीच नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये मॅकग्रेगरसोबत त्याने हेच केलं आणि चौथ्या फेरीत मान-जबडा आवळून सबमिशन घेतलं, म्हणजे हार कबूल करायला लावली. या लढतीची तिसरी फेरी उभ्याउभ्या गेली आणि तिन्ही जजांनी ती मॅकग्रेगरला दिली, हे अनेकजण विसरतात. म्हणजे खबीबची ठोशांची बाजू अजिंक्य नव्हती. समोरच्याला ती बाजू वापरायला वेळच मिळत नव्हता.

हे लक्षात ठेवलं की टेकडाउन, म्हणजे खाली घेण्याचा डाव, अडवण्याच्या टक्केवारीवर कुणी वाद घालायला लागला तर पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणाविरुद्धची टक्केवारी? मे 2025 मध्ये जॅक डेला मॅडलेनाने बेलाल मुहम्मदच्या बहुतेक झडपा परतवून लावल्या आणि 77.1 किलोचा पट्टा जिंकला. त्यावर 'याला आता खाली घेणं कुणाला शक्य नाही' असं मत झालं. नोव्हेंबर 2025 मध्ये इस्लाम मखाचेव वरच्या गटात आला आणि त्याने पाचही फेऱ्या जिंकल्या, बहुतेक वेळ डेला मॅडलेनाला जमिनीवर ठेवून. बेलाल दुरून झेपावतो; मखाचेव आधी भिडून काख मिळवतो आणि मग पाय लावतो. झेप अडवायची सवय त्या दुसऱ्या डावाला उपयोगी पडत नाही. आकड्यांच्या रकान्यात मात्र दोन्ही प्रकार 'टेकडाउनचा प्रयत्न' म्हणून एकत्रच मोजले जातात.

आकडा उलट्या बाजूनेही फसवतो. मार्च 2023 मध्ये मेराब द्वालिश्विलीने पेत्र यानवर टेकडाउनचे 49 प्रयत्न केले आणि त्यातले 11 साधले. टक्केवारी काढली तर जेमतेम 22. तरी तिन्ही जजांनी त्याला पाचही फेऱ्या दिल्या. कारण त्याचा न जमलेला प्रयत्नही वाया जात नव्हता. प्रत्येक झेप अडवताना यानला वाकावं लागत होतं, हात खाली आणावे लागत होते, दम खर्चावा लागत होता, आणि सावरून तो ठोसा मारायला उभा राहीपर्यंत पुढची झेप येत होती. डिसेंबर 2025 मध्ये हीच जोडी पुन्हा लागली आणि यान गुणांवर जिंकला. त्या वर्षात मेराबची ती पट्ट्यासाठीची चौथी लढत होती. यानने या वेळी शरीरावर मारा केला, अंतर राखलं, आणि झेप येण्याची वाट बघत बसण्याऐवजी ती येण्याआधीच पुढाकार घेतला. मेराबच्या पद्धतीला अमर्याद दम लागतो. वर्षभरात चार मोठ्या लढती आणि चार वजन-कपाती झालेल्या माणसाकडे तो तेवढाच उरला असेल, असं मानणं धाडसाचं होतं. लढत लागण्यापूर्वी यावर फार कमी चर्चा झाली. 'मागच्या वेळी पाचपैकी पाच फेऱ्या' एवढंच ऐकू येत होतं.

हाताच्या लांबीबद्दल थोडक्यात. पडद्यावर 'रीच' म्हणून जो आकडा दाखवतात, तो दोन्ही हात पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजलेला असतो. त्यात छातीची आणि खांद्यांची रुंदी धरलेली असते. दोन-तीन इंचांच्या फरकावर अख्खा अंदाज उभारू नये. लांब हाताचा फायदा ज्याला सरळ ठोसा आणि पुढच्या पायाची लाथ वापरून अंतर राखता येतं त्यालाच होतो.

वजनाबद्दल मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. 70.3 किलोच्या गटातला फायटर वर्षभर 70 किलोचा नसतो. लढतीच्या आठवड्यात तो आधी भरपूर पाणी पितो, मीठ, पिष्टमय पदार्थ आणि चोथा कमी करतो, मग शेवटच्या दिवशी पाणी तोडून गरम पाण्याच्या टबात आणि सौनामध्ये उरलेलं पाणी घामावाटे काढतो. वजन लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी होतं, म्हणजे भरून काढायला साधारण दीड दिवस मिळतो. पट्ट्याची लढत नसेल तर एक पाउंडाची सूट असते. पट्ट्याच्या लढतीत तीही नाही. ऑक्टोबर 2015 पासून यूएफसीच्या, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीच्या, फायटरना सलाइन लावून पाणी भरायला बंदी आली, त्यामुळे भर तोंडावाटे पाणी भरण्यावर आला. पोट आणि स्नायू बऱ्यापैकी भरून येतात, पण मेंदूभोवतीचा द्रव पूर्ववत व्हायला वेळ लागतो. अशा अवस्थेत बसलेला ठोसा जास्त महागात पडतो. मार्च 2017 मध्ये खबीब वजन उतरवताना आजारी पडून रुग्णालयात गेला आणि टोनी फर्ग्युसनविरुद्धची लढत आदल्या दिवशी रद्द झाली.

'त्याने एक गट खाली उतरावं, तिथे सगळ्यांना खाऊन टाकेल' हे चाहत्यांचं लाडकं मत मला म्हणूनच बेजबाबदार वाटतं. डिसेंबर 2015 मध्ये यांग ज्यान बिंग हा तरुण चिनी फायटर वजन उतरवतानाच गेला. त्यानंतर ज्या वन चॅम्पियनशिपमध्ये तो लढणार होता तिने पाणी तोडून वजन उतरवायला मनाई केली आणि लघवीची चाचणी घेऊन शरीरात पुरेसं पाणी आहे का ते बघायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात लढतींवर देखरेख करणाऱ्या आयोगानेही 2017 मध्ये दहा कलमी योजना आणली. लढतीच्या दिवशी वजन दहा टक्क्यांहून जास्त वाढलेलं दिसलं तर तिथे वरच्या गटात जायचा सल्ला दिला जातो. चाहत्यांनी मागायला हवं ते असलं काही, खालचा गट नव्हे.

थोड्या दिवसांच्या सूचनेवर घेतलेली लढतही याच हिशेबात धरावी. फेब्रुवारी 2023 मध्ये पर्थला मखाचेव आणि अलेक्झांडर वोल्कानोव्स्की यांची पाच फेऱ्यांची लढत इतकी अटीतटीची झाली की दोन जजांनी 48-47 दिले. ऑक्टोबरमध्ये चार्ल्स ऑलिव्हेराने मखाचेवविरुद्धच्या लढतीतून माघार घेतल्यावर वोल्कानोव्स्कीने दोन आठवड्यांहून कमी तयारीत पुन्हा लढत घेतली आणि पहिल्याच फेरीत डोक्यावरच्या लाथेने पडला. दुसऱ्या लढतीवरून 'दोघांत मुळात एवढं अंतर होतं' असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. मखाचेवची लाथ अस्सल होती, विजय निर्विवाद होता. पण दोघांची तुलना करायची असेल तर पुरावा म्हणून पर्थची लढत वजनदार आहे.

निकालावर बोलताना जजांचे नियम तरी वाचलेले असावेत. 2017 पासून लागू झालेल्या निकषांत सगळ्यात आधी परिणामकारक मारा आणि परिणामकारक ग्रॅपलिंग (पकडीची झटापट) बघतात. ते शंभर टक्के समान असेल तरच आक्रमकता, आणि तीही समान असेल तरच केजवरचा ताबा. म्हणजे कुणी चार मिनिटं समोरच्याला जाळीला दाबून धरलं आणि काहीच मार दिला नाही, पण शेवटच्या मिनिटात समोरच्याने त्याला दोन ठोशांनी डगमगवलं, तर फेरी दुसऱ्याची. शिवाय प्रत्येक फेरी स्वतंत्र असते. फेब्रुवारी 2020 मध्ये जॉन जोन्स आणि डॉमिनिक रेयेस यांच्या लढतीत सुरुवात रेयेसची आणि शेवट जोन्सचा होता. वाद होता तो मधल्या एका फेरीचा. दोन जजांचा 48-47 एकवेळ समजून घेता येतो, तिसऱ्याचा 49-46 मला अजूनही समर्थनीय वाटत नाही. पण 'एकूण लढत रेयेसने मारली' हा युक्तिवाद या पद्धतीत बसतच नाही. कोणत्या तीन फेऱ्या, हे सांगता आलं पाहिजे.

आता नशिबाकडे. ऑगस्ट 2022 मध्ये लिऑन एडवर्ड्स गुणांवर पार मागे पडला होता आणि पाचव्या फेरीचं शेवटचं मिनिटही पूर्ण उरलं नव्हतं, तेव्हा त्याच्या डाव्या लाथेने कमारू उस्मान कोसळला. 'लॉटरी लागली' असं अनेकांनी म्हटलं. ती लाथ हळू करून बघावी. एडवर्ड्सने आधी डाव्या हाताचा ठोसा दाखवला. उस्मानने तो चुकवायला डोकं बाजूला नेलं, नेमकं जिथून लाथ येणार होती त्याच बाजूला. डावखुऱ्याचा सरळ डावा आणि वरची डावी लाथ एकाच जागेवरून निघतात, म्हणून ही जोडगोळी अनेक शाळांत शिकवली जाते. उस्मान डावा ठोसा अशाच पद्धतीने चुकवत होता, आणि ही सवय हेरणं हे कसब आहे. मार्च 2023 मध्ये लंडनला एडवर्ड्सने उस्मानला गुणांवरही हरवलं. त्या रात्री लाथेची गरज पडली नाही.

इतकं सगळं बघायचं कशासाठी? कारण या खेळाची रचनाच अशी आहे. व्यावसायिक बॉक्सिंगला अमेरिकेत 2000 सालापासून मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा लागू आहे, ज्यात प्रवर्तकांच्या हितसंबंधांवर आणि क्रमवारीतल्या मनमानीवर काही बंधनं आहेत. मिश्र मार्शल आर्ट्सला तो लागू नाही. इथे जी कंपनी लढत लावते, तीच पट्टाही देते आणि काढूनही घेते. यूएफसीची क्रमवारी 2013 पासून माध्यमांतल्या लोकांच्या मतांवरून काढली जाते, पण तिसऱ्या क्रमांकावरच्याला पट्ट्याची लढत द्यायची की आठव्याला, हे कंपनी ठरवते. तिला विचारणारा कुणी असेल तर तो तिकीट काढणारा आणि पैसे भरून लढत बघणारा चाहता. त्याने कशावर टाळ्या वाजवल्या आणि कशावर आवाज उठवला, याची नोंद जोड्या लावणारे ठेवतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हा खेळ लोकांच्या उत्सुकतेवरच चालतो, क्रमवारीप्रमाणेच लढती लावल्या असत्या तर मार्च 2016 मधली नेट डियाझ आणि मॅकग्रेगरची लढत कधी झालीच नसती. हे खरं आहे. डियाझ 11 दिवसांच्या सूचनेवर आला, दोघे 77.1 किलोच्या मर्यादेत लढले, आणि दुसऱ्या फेरीत मॅकग्रेगरचा गळा आवळला गेला. ऑगस्टमधल्या दुसऱ्या लढतीत मॅकग्रेगरने खालच्या लाथांवर भर देऊन गुणांवर परतफेड केली. पण ती लढत गाजली ती जोड चांगली होती म्हणून. डियाझ उंच, डावखुरा, मार पचवणारा, जमिनीवर ब्लॅक बेल्ट. मॅकग्रेगर पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यात धोकादायक. क्रमवारीबाहेरची लढत मागायला माझा विरोध नाही. ती मागताना शैलीचं कारण देता यावं, दोघांची तोंडं पत्रकार परिषदेत किती चालली हे कारण नको.

चाहत्यांनी रेटायला हवी होती आणि तरी हातून निसटली अशी सगळ्यात मोठी लढत म्हणजे खबीब आणि फर्ग्युसन. पाच वेळा ठरली, पाच वेळा मोडली: दुखापती, आजार, वजन, आणि शेवटी 2020 मध्ये महामारी. तोवर फर्ग्युसनने सलग 12 लढती जिंकल्या होत्या. शैलीच्या दृष्टीने ही जोड विलक्षण होती, कारण फर्ग्युसन पाठीवर पडल्यावरही कोपराने कापायचा आणि पट काढायला आलेल्याची मान दार्स चोकमध्ये, म्हणजे हाताने गळा आवळायच्या पकडीत, पकडायचा. खबीबला जिथे सगळ्यांना न्यायचं असे, तिथेच फर्ग्युसनची हत्यारं होती. मे 2020 मध्ये जस्टिन गेथजीने फर्ग्युसनला पाच फेऱ्या बेदम मारलं. त्यानंतर ऑलिव्हेरा आणि बेनील दारियुश यांनी त्याला जमिनीवर दाबून ठेवलं आणि लोक म्हणायला लागले, 'बघा, खबीबने चिरडलाच असता.' कदाचित चिरडलाही असता. पण गेथजीचा मार खाल्लेला फर्ग्युसन 2016 मधल्या फर्ग्युसनच्या जागी साक्षीला उभा करता येणार नाही. माणूस तोच असला तरी जोड ती नव्हती.

जोन्स आणि टॉम अ‍ॅस्पिनॉल यांचं प्रकरण त्याहून वाईट, कारण तिथे दुखापतीची सबबही बराच काळ नव्हती. अ‍ॅस्पिनॉलने नोव्हेंबर 2023 मध्ये हेवीवेटचा अंतरिम पट्टा जिंकला. मूळ पट्टा जोन्सकडे होता आणि तो जखमी होता, म्हणून अंतरिम पट्टा काढला, इथपर्यंत ठीक. पण जुलै 2024 मध्ये अ‍ॅस्पिनॉलला तो अंतरिम पट्टाच राखायला लावला, आणि कर्टिस ब्लेड्सला त्याने एका मिनिटात संपवलं. नोव्हेंबर 2024 मध्ये जोन्स परत आला तो स्टिपे मिओचिचशी लढायला. जून 2025 मध्ये जोन्सच्या निवृत्तीची घोषणा झाली आणि अ‍ॅस्पिनॉलला पट्टा न लढता मिळाला. दीड वर्षाहून जास्त काळ दोन पट्टे, दोन विजेते आणि लढत नाही. या काळात चाहते दोन तट पाडून कोण घाबरला यावर भांडत राहिले. जोन्सची लांबवरून गुडघ्यावर मारायची लाथ अ‍ॅस्पिनॉलच्या वेगवान पदन्यासाला रोखू शकली असती का, की अ‍ॅस्पिनॉलने पहिल्या दोन मिनिटांतच अंतर खाल्लं असतं, हा खरा रसाळ प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आता मिळणार नाही.

यावर उपाय साधा आहे आणि तो चाहत्यांनी मागण्याजोगा आहे. अंतरिम पट्टा जाहीर करतानाच एकत्रीकरणाची मुदत जाहीर व्हावी, समजा बारा महिने. मूळ विजेता त्या मुदतीत अंतरिम विजेत्याशी लढला नाही, तर कारण दुखापतीचं असो वा अन्य काही, त्याचा पट्टा रिकामा व्हावा. तो बरा होऊन आला की पहिली संधी त्यालाच मिळावी, म्हणजे त्याच्यावरही अन्याय नाही. अंतरिम पट्टा राखण्यासाठीची वेगळी लढत मुळात लावूच नये. आणि तारीख न सांगता पुढचा अंतरिम पट्टा कमरेला बांधला गेला, तर त्या रात्री 'खरा विजेता कोण' यावर भांडण्याऐवजी सगळ्यांनी मिळून एवढंच विचारावं: या दोघांची लढत कोणत्या महिन्यात?